बाल्टिमोरची तयारी

आमच्या घरात मिरच्या कुटत नसत. मिरच्या आणि मसाला शेजारच्या गोदाकाकू त्यांच्या उखळात कुटून द्यायच्या, आणि फोडणी आई मागच्या अंगणातल्या चुलीवर, वारा शेताकडे वाहत असला तरच टाकायची. कारण ठसका लागला की कृपा खोकायची, खोकली की घाबरायची, घाबरली की रडायची, आणि रडली की तिचे ओठ, नखं, कानांच्या पाळ्या पिकल्या जांभळासारख्या व्हायच्या. मग ती मान टाकायची. कृपा माझी धाकटी बहीण. तिच्यात आणि माझ्यात नऊ वर्षांचं अंतर. ती जन्मल्यापासून आमच्या घराचा एकच नियम होता, कृपाला रडू द्यायचं नाही. आमचे वडील, अण्णा, शेवगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळेची खोली आणि आमच्या दोन खोल्या यांच्यात एकच भिंत. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याच्या दणक्यानं कृपा दचकते म्हणून अण्णांनी हातोड्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. ती घंटा अशी दबकी वाजायची की गावातली अर्धी पोरं उशिरा यायची, आणि अण्णा त्यांना काही बोलायचे नाहीत. रविवारी त्याच खोलीत उपासना होई. तिथली गाणीसुद्धा आमची मंडळी हलक्या आवाजात म्हणत. बाहेरगावचा कुणी पाहुणा मोठ्यानं म्हणू लागला की शेजारचा त्याच्या मांडीवर हात ठेवी.

कृपा दहा पावलं चालली की उकिडवी बसायची. रस्त्यात, अंगणात, देवळाच्या ओट्यासमोर, कुठंही. दोन्ही गुडघे छातीशी घेऊन बसायची, जमिनीकडे बघायची, आणि थोड्या वेळानं उठून पुढची दहा पावलं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिला झटका आला की तिचे पाय दुमडून गुडघे पोटाशी दाबून धरायचे, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा तसा झटका आला तेव्हा आईनं भीतीनं तिला पोटाशी आवळलं, पाय आपोआप दुमडले गेले, आणि पोरीचा श्वास परत आला. त्यानंतर आई तेच करत आली. पुढं मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या आईकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "साराबाई, हे पुस्तकातही नुकतंच यायला लागलं आहे."

आजारी मुलगी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दीनवाणा चेहरा येतो. कृपा तशी नव्हती. ती बाजेवर बसून सगळ्या घरावर राज्य करायची. श्वास पुरत नसल्यानं तिची वाक्यं तुकड्यातुकड्यांनी यायची, त्यामुळं ती फार विचार करून बोलते असं वाटायचं. चिंचोके, कोंबड्या, अण्णांच्या सदऱ्याची बटणं, सगळ्यांचा हिशोब तिच्याकडे. सहा वर्षांची होती, पण कडेवर घेतली तर तीन वर्षांच्या मुलीएवढी. सगळं अंग हलकं आणि छातीतली धडधड मात्र माझ्या बरगड्यांना लागायची.

बाल्टिमोर हे नाव आमच्या घरात अण्णांनी आणलं. युद्ध नुकतंच संपलं होतं. मी नगरला मुलींच्या बोर्डिंगात इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीसाठी घरी आले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई अमेरिकन. त्यांना सगळे मिसबाई म्हणत. मराठी त्यांचं अगदी शुद्ध, पुस्तकातलं. त्यांनी अण्णांना नगरला बोलावून घेतलं आणि त्यांच्या देशातून आलेलं एक मासिक पुढं ठेवलं. त्यात कृपासारख्याच मुलांबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं बंदर आहे, तिथल्या एका रुग्णालयात डॉक्टर छाती उघडून काळजाजवळची एक रक्तवाहिनी दुसरीला जोडतात, आणि निळं पोर टेबलावरच गुलाबी होतं. अण्णांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा ते उभेच होते, टोपीसुद्धा काढली नव्हती. आई भाकरी थापत होती. तिनं थापायचं थांबवलं नाही. फक्त म्हणाली, "टेबलावरच?"

"हो. तिथल्या तिथं. ओठांचा रंग बदलतो, असं लिहिलंय."

"मंग तिकडं न्यायची," आई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

ती ज्या सहजतेनं हे म्हणाली त्याचं मला आजही नवल वाटतं. तिनं नगरच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. पुणं पाहिलं नव्हतं. शाळेत जगाचा मोठा नकाशा होता. अण्णांनी बाल्टिमोर शोधलं, सापडेना. नकाशा जुना होता आणि त्यात मोठी शहरंच होती. मिसबाईंनी सांगितलं होतं की समुद्राचा एक लांब फाटा जमिनीत आत शिरतो, त्याच्या काठाला ते आहे. अण्णांनी अंदाजानं तिथं निळ्या शाईचा ठिपका दिला. कृपाला मी कडेवर घेऊन तो दाखवला.

"समुद्र म्हंजी... गंगा का?" तिनं विचारलं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"गंगेपेक्षा मोठा. पलीकडचा काठ दिसत नाही."

तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "मंग... कळतं कसं... कुठं थांबायचं?"

मिसबाईंनी तिकडे पत्र लिहिलं. कृपाच्या छातीचा फोटो, तिचं वजन, तिच्या झटक्यांची माहिती, सगळं पाठवलं. उत्तराची वाट बघण्यात पावसाळा गेला, जोंधळ्याची पेरणी गेली. अण्णा दर आठवड्याला शेवगावच्या पोस्टात चालत जायचे आणि परत येताना लांबूनच हात हलवून नाही म्हणायचे, म्हणजे आईला दारात ताटकळावं लागू नये. नाताळच्या आधी उत्तर आलं. मुलीला आणा, तपासून ठरवू, शस्त्रक्रिया झालेल्यांतली काही मुलं दगावली आहेत हे आईवडिलांना स्पष्ट सांगा. अण्णांनी ते वाक्य दोनदा वाचलं. आई म्हणाली, "अन् हितंच ठिवली तर काय हुईल ते बी इचारा त्यांना." ते मिसबाईंनी कधीच सांगितलं होतं. दहा वर्षांची व्हायच्या आत कृपा जाईल. कदाचित त्याहून लवकर.

खर्चाचं मिसबाईंच्या अमेरिकेतल्या गावच्या चर्चच्या मंडळीनं आपल्याकडे घेतलं होतं. मिसबाई स्वतः मार्चअखेर वर्षाच्या रजेवर मायदेशी जाणार होत्या, त्यांच्याच जहाजातून कृपाला न्यायचं ठरलं. विमानात उंचावर तिला श्वास मिळणार नाही, म्हणून जहाजच. पण जहाजांवर घरी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांची इतकी गर्दी होती की मिसबाईंना बायकांच्या केबिनमध्ये दोनच जागा मिळाल्या. एक त्यांची, आणि दुसरी कृपासोबत जाणाऱ्या बाईमाणसाची. हे सांगायला त्यांनी आम्हा सगळ्यांना नगरला बोलावलं. दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत आम्ही बसलो होतो. कृपा आईच्या मांडीवर, स्टेथोस्कोपची नळी हातात घेऊन.

"मी जाती," आई म्हणाली.

मिसबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "साराबाई, तुम्हाला कितवा महिना आहे?"

आईनं पदर पोटावरून ओढून घेतला. मला हे तोवर ठाऊक नव्हतं. मी पंधरा वर्षांची होते आणि सुट्टीपुरती घरी येत होते. अण्णा खिडकीकडे बघत होते.

"चौथा," शेवटी आई म्हणाली.

"जहाज निघेल तेव्हा सातवा संपत आला असेल. प्रवास महिना-सव्वा महिन्याचा. जहाजाची कंपनी अशा बाईला घेत नाही. आणि घेतलं तरी मी नेणार नाही. मला तुम्हा दोघींपैकी एकीला समुद्रात टाकून यायचं नाही."

"अलीकडचं जहाज न्हाई का एखादं?"

"नाही."

खोलीत स्पिरिटचा वास होता. कृपा ती नळी माझ्या दंडाला लावून ऐकत होती. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्यामागोमाग सगळ्यांनीच पाहिलं. मला इंग्रजी येत होतं. मी बाईमाणूस होते. आणखी कुणी नव्हतंच. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात भीतीच्याही आधी आनंद आला. जहाज, समुद्र, अमेरिका. आज या वयात मी तो आनंद कुणापासून लपवावा? पण त्या दिवशी मी खाली मान घालून बसले, आणि सगळ्यांना वाटलं की पोर घाबरली.

अडचण एवढीच होती की कृपा आईशिवाय राहत नव्हती. जन्मल्यापासून ती आईच्या अंगाला लागूनच होती. आई विहिरीवर गेली तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. तिला आईपासून तोडून जहाजावर चढवली तर ती रडणार, आणि रडली तर बाल्टिमोरपर्यंत पोचणारच नाही. मिसबाईंनी हे स्पष्टच सांगितलं. "तीन महिने आहेत. तिला बहिणीची सवय झाली पाहिजे. झाली नाही, तर मी तिला बोटीवर घेणार नाही."

सर्व्हिसच्या मोटारीनं शेवगावला उतरलो, तिथून बैलगाडीनं घरी निघालो. कृपा झोपली होती. अर्ध्या वाटेवर आईनं तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः गाडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली. आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "सगुणा, आजपासनं ती तुझी. ती माझ्याकडं आली तर मी रागवंन. तू मधी पडू नको."

अण्णा म्हणाले, "अगं, हळूहळू करू. एकदम असं..."

"हळूहळू मला जमायचं न्हाई," आई म्हणाली.

माझी शाळा सुटली ती तिथंच, पुढं वर्ष वाया गेलं. त्याचं काही नाही. पहिला दिवस मला आठवतो. सकाळी कृपा उठली, बाजेवरून उतरली, दहा पावलं चालून उकिडवी बसली, परत उठली आणि चुलीपाशी आईला चिकटायला गेली. आईनं तिचा हात झटकला. "जा तिकडं. ताईकडं जा. मला काम हाय." तसा आवाज त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. मी धावले, की आता ही रडणार. कृपा रडली नाही. ती आईच्या पाठीकडे बघत राहिली, मग तिथंच खाली बसली आणि स्वतःचे गुडघे स्वतःच छातीशी धरले. तिला रडायचं नाही हे तिलाही ठाऊक होतं. मी तिला उचलून बाहेर नेलं. आई उठून मागच्या दारानं कडब्याच्या गंजीआड गेली. थोड्या वेळानं गोदाकाकू तिकडून आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझी आई पदर चावून चावून फाडाया लागलीय. काय चालवलंय तुमी?" मी सांगितलं. काकू ऐकून घेऊन म्हणाल्या, "लई अवघड काढलंय बाई तिनं," आणि त्या दिवसापासून त्या रोज दुपारी येऊन आईशेजारी बसू लागल्या. त्या काही बोलत नसत, नुसत्या बसत.

कृपा रोज जायची. रोज आई तिला हाकलायची. पाचव्या-सहाव्या दिवशी ती चुलीपर्यंत गेली नाही, दारात थांबून बघून परत आली. पंधरा दिवसांनी दारापर्यंतही गेली नाही. मी तिला भरवायचे, न्हाऊ घालायचे, कुशीत घेऊन झोपायचे. आई शाळेच्या खोलीत निजायला गेली. झटका आला तर गुडघे कसे दाबायचे, किती दाबायचे, मान कुठं ठेवायची, हे तिनं मला उशीवर दाखवलं होतं. जानेवारीत एक झटका आला तेव्हा मी एकटीनं निभावला. आई दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला धरून. कृपाचा रंग परत आला तसे तिचे हात खाली आले. म्हणाली, "बराबर केलंस." आणि निघून गेली.

घरात बाल्टिमोरची तयारी चालली होती. अण्णांनी लिंबाच्या फांदीला चारही बाजूंनी दोर बांधून बाज टांगली, म्हणजे जहाजाच्या हेलकाव्यांची सवय होईल. कृपा तीत झोपायची आणि मी हलवायचे, आधी हळू, मग जरा जोरात. जहाजावर भाकरी मिळणार नाही म्हणून अण्णा नगरहून पाव आणायचे. कृपा तो हातात दाबून बघायची आणि म्हणायची, "ह्यात... आत कायच न्हाई." म्हणून आईनं बाजरीच्या खारोड्या घातल्या. पत्र्याच्या डब्यातून न्यायला टिकतील आणि हिच्या तोंडाला चव राहील. खारोड्या अंगणात चादरीवर वाळत असायच्या आणि कृपा टांगत्या बाजेवरून काठीनं कावळे हाकायची. एक दिवस तिनं विचारलं, "तिथल्या कोंबड्या... इंग्लिश बोलत्यात?" मी म्हटलं, हो. "मंग तू... त्यांच्याशी बोल. मी बसून राहीन."

फौजदारानं येऊन पासपोर्टाची चौकशी केली. नगरला जाऊन फोटो काढले. फोटोत कृपाचे ओठ काळे आले, फोटोवाला म्हणाला, रंग लावलाय का पोरीला. आईनं चिटाचा फ्रॉक शिवला, निळ्या फुलांचा नको म्हणून लाल फुलांचा. माप घ्यायला मात्र तिनं कृपाला जवळ घेतलं नाही. माप मी घेतलं आणि तिला सांगितलं. फक्त दुपारी, कृपा गाढ झोपली असताना, आई तेलाची वाटी घेऊन यायची आणि तिचे केस विंचरायची. इतक्या हलक्या हातानं की फणी चालते आहे हे मलाच कळायचं नाही. कृपा कूस बदलू लागली की फणी टाकून उठायची. एकदा मी म्हटलं, "आई, झोपेत तरी मांडीवर घे." ती म्हणाली, "झोपंत तिला वास कळतो."

आता एक गोष्ट लिहिते, जी मी कुणालाच सांगितली नाही. फेब्रुवारीत एक दिवस आई ओसरीवर बसली होती आणि मी अंगणात. कृपा मध्ये उभी होती. तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे आली. कुणी हाकललं नव्हतं. आपणहून आली. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आपण दोघी... जहाजात जाणार." आणि मला अभिमान वाटला. आईसमोर, आईकडे बघत, मला अभिमान वाटला. आईनं मान हलवली, जमलं अशी, आणि हसली. ते हसू मला पुढं फार वर्षं पुरलं.

मार्चच्या मध्यावर मिसबाईंचं पत्र आलं. जहाज लांबलं होतं. एप्रिलअखेर निघेल, त्याआधी नाही. कंपनीनं कारण दिलं नव्हतं. अण्णांनी वाचून दाखवलं तेव्हा आई धान्य पाखडत होती. तिचं पोट आता चांगलं दिसत होतं.

"म्हंजी अजून एक महिना," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, मग हा महिना तिला तुझ्याकडे घे. अजून वेळ आहे. तिला माझी सवय झाली आहेच."

आई सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं ती हो म्हणेल. तिचा चेहरा तसा झाला होता. अण्णाही म्हणाले, "घे गं. चार दिवस तरी."

"चार दिवसांनी परत तोडावी लागंल," ती म्हणाली. "एकदा तोडली. पुन्यांदा तोडायला माझ्यात ताकद न्हाई. तिच्यात बी न्हाई."

यात तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या सुपातल्या खड्यांपाशी मी इतक्या वेळा परत गेले आहे की माझं निम्मं आयुष्य तिथंच गेलं. अलीकडे आमच्या धाकट्या भावाच्या, तेव्हा आईच्या पोटात होता त्याच्या, नातीच्या काळजाला जन्मतः भोक निघालं. पुण्याला शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवसांत पोर घरी आली, तिचे आईवडील पेढे घेऊन आले. मी पेढा घेतला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्यांना वाटलं, म्हातारीला उकडतंय.

एप्रिलचं ऊन आमच्या भागात फार वाईट. विहिरी तळाला गेल्या. कृपा पाणी पीत नव्हती, खात नव्हती, दिवसातून दोनदा, तीनदा झटके येऊ लागले. मिसबाईंना कळवलं, त्या स्वतः मोटार घेऊन आल्या, औषध दिलं, आणि जाताना अण्णांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "जहाजाला अकरा दिवस आहेत. तेवढे दिवस निघाले पाहिजेत." आम्ही रोज सकाळी एक दिवस कमी करायचो. अण्णांनी नगरला जायला मोटार ठरवून ठेवली होती. पेटी भरून दाराशी ठेवली होती.

जहाजाला सहा दिवस राहिले होते. सकाळची शाळा चालू होती आणि पलीकडे मुलं पाढे म्हणत होती. काही झालं नव्हतं. ती रडली नव्हती, दचकली नव्हती. माझ्या मांडीवर पडून ती मला पेटीत काय काय आहे ते विचारत होती, आणि विचारता विचारता तिचा आवाज थांबला. मी खाली पाहिलं तर सगळा चेहरा काळवंडला होता. मी तिचे पाय दुमडले, गुडघे पोटाशी दाबले. आई दाराशी आली. तिच्यामागून गोदाकाकू आल्या. मी दाबत राहिले. श्वास आला, गेला, परत आला. कृपानं डोळे उघडले, आणि म्हणाली, "ताई."

"आई, तू घे," मी म्हटलं. "आई, तू घे हिला."

आई चौकटीला धरून उभी होती. "न्हाई. तुझ्याकडंच राहू दे. तिला तुझी सवय हाय. मी घेतली तर बिचकंल."

"आई, घे."

"दाब तू. बराबर दाबतीस. येती ती, आत्ता येती."

अण्णा पाढे सोडून धावत आले. मुलांचे पाढे तसेच चालू राहिले, सतरा, अठरा. कृपाचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मग ते माझ्यावर असूनही माझ्याकडे बघत नव्हते. हे आईला माझ्या आधी कळलं. ती खाली बसली, अवघडून, पोट सांभाळत, आणि माझ्या हातांतून तिला ओढून घेतली, पदराआड घेतली, पाय दुमडले, छातीशी आवळली, आणि साडेतीन महिन्यांत न बोललेलं सगळं तिच्या कानात बोलू लागली. मला शब्द ऐकू आले नाहीत. ती किती वेळ बोलत होती ते सांगता येणार नाही. पाढे थांबले, मुलं घरी गेली, ऊन अंगणात आलं, तरी ती बोलतच होती. शेवटी गोदाकाकू म्हणाल्या, "सारे, दे आता माझ्याकडं." आई म्हणाली, "जरा थांब. लई दिवसांनी आलीय."

तिच्या कानात ते पोचलं का, शेवटी ती कुणाच्या हातात आहे हे तिला कळलं का, हे मी मिसबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, माहीत नाही. दुसरं कुणी असतं तर हो म्हणालं असतं.

लाल फुलांच्या फ्रॉकमध्ये तिला मातीत ठेवलं. मिसबाई सहा दिवसांनी एकट्याच गेल्या. माझी जागा त्यांनी कुणा दुसऱ्या बाईला दिली. खारोड्यांचा डबा गोदाकाकूंनी न विचारता उचलून नेला. जूनमध्ये आमचा भाऊ जन्मला. चांगला गुटगुटीत आणि लालबुंद. सुईणीनं त्याला उचलून आईला दाखवलं तेव्हा आईनं त्याचं तोंड पाहिलं नाही, आधी त्याची नखं पाहिली. त्यानंतर ती त्याला कुणाच्याच हातात देत नव्हती. अण्णांच्याही नाही, माझ्या तर नाहीच. माझ्यावर ती कधी रागावली नाही. पण मी जवळ गेले की ती त्याला दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. मी पुन्हा बोर्डिंगात गेले ते एका अर्थी बरं झालं.

मिसबाई सव्वा वर्षानं परत आल्या. नाताळच्या सुट्टीत त्या आमच्या गावी आल्या तेव्हा मी घरी होते. चहा झाला, अण्णांशी शाळेचं बोलणं झालं. आई उंबऱ्यापाशी बसून ऐकत होती. तिनं मधेच विचारलं,

"मिसबाई, तुमी त्या गावाला गेल्ता का? बाल्टिमोरला?"

मिसबाईंनी कप खाली ठेवला. "गेले होते, साराबाई. मला स्वतः बघायचं होतं."

"खरं हुतं का ते?"

"खरं आहे. मी तो वॉर्ड पाहिला. मुलं होती, लांबलांबच्या देशांतून आलेली. एक मुलगी, कृपाएवढीच, व्हरांड्यात पळत होती. नर्स तिला पळू नको म्हणून ओरडत होती."

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग आईनं विचारलं, "त्या पोरीची आई संगं हुती?"

मिसबाई माझ्याकडे बघत होत्या, आईकडे नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "आई घरी होती. मावशीबरोबर आली होती. तिला मावशीची सवय झाली होती."

मिसबाई खोटं बोलत नाहीत, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. त्या दिवशी त्या खोटं बोलल्या की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान हलवली. "मंग जमलं असतं," ती म्हणाली. आणि आत भाऊ उठल्याचा आवाज आला तसं माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सगुणा, उठ. त्याला घे."